कॅलेंडरमागचा खिळा

पाच दिवसांच्या गणपतीतला तिसरा दिवस. जेवणं उरकून घर आडवं झालं होतं. पडवीत दादाचं घोरणं, मागीलदारी वहिनीच्या भांड्यांचा आवाज, आणि माजघरात धूप, ओले कपडे आणि सकाळच्या मोदकांची उकड यांचा मिळून झालेला तो एक वास, जो फक्त भाद्रपदात येतो. मला माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतून आईची लहान समई काढायची होती. पेटीला कुलूप. दादाचा नातू, वय वर्षं सात, जमिनीवर पालथा पडून ट्रॅक्टर रंगवत होता. त्याला विचारलं, "पेटीची चावी कुठे असते रे?" त्याने मानही वर केली नाही. "थयच. कालनिर्णयाच्या पाठी, खिळ्याक." मग हिरवा खडू ठेवून लाल उचलला आणि तितक्याच सहज म्हणाला, "बंदुकीची पण थयच आसा."

समई मिळाली. घासली, संध्याकाळी आरतीला लावली. लोकांनी कौतुकही केलं. पण ते शेवटचं वाक्य दातात अडकलेल्या सुपारीच्या कणासारखं राहून गेलं. जीभ पुन्हा पुन्हा तिथेच जात होती. रात्री सगळे भजनाला गेल्यावर मी कॅलेंडर उचलून पाहिलं. एका कडीत तीन चाव्या. पेटीची, धान्याच्या कोठीची, आणि लाल दोरा बांधलेली एक पितळी, वापरून वापरून दात गुळगुळीत झालेली. तीच. लाल दोरा बाबांनी बांधलेला. म्हणजे बाबांपासून ती तिथेच होती, आणि आमच्या लहानपणी आम्हालाही ठाऊक होतं की ती तिथेच आहे. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं. पन्नास वर्षांनी एका मुलाच्या तोंडून ऐकल्यावर वाटलं.

आमच्या घरात बंदूक आहे हे मी पुण्यात फारसं कुणाला सांगत नाही. सांगितलं की समोरच्याच्या डोळ्यांत लगेच सिनेमा सुरू होतो. देवगड-कणकवलीकडे मात्र शेतीसंरक्षणाचा परवाना ही काही मिरवायची गोष्ट नाही. फवारणीचा पंप असतो, तशी ती असते. आमची एकनळी, बारा बोअरची. बारा बोअर म्हणजे काय, हे बाबा आल्यागेल्याला फार आवडीने समजावत. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातल्या एका गोळीची जी जाडी, ती नळीची रुंदी. साडेअठरा मिलिमीटर. "म्हणजे आकडा जितका मोठा तितकी नळी बारीक," असं म्हणून ते समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत, आणि तो चक्रावला की खूश होत. जनावर मारल्याचं मला आठवत नाही. भात पोटरीला आलं की रात्री मचाणावर जायचं, डुकरांची चाहूल लागली की हवेत एक बार काढायचा, आणि सकाळी भिजून, दवाने कपडे जड झालेले, परत यायचं. काडतुसं खडकीच्या कारखान्याची, शक्तिमान नावाची. रिकामी टोपणं आम्हाला खेळायला मिळत. उडालेल्या दारूचा वास त्यांना दोन दोन दिवस राही. दिवाळीच्या फटाक्यांपेक्षा तो कडू आणि जरा ओशट असतो. मला तो आवडायचा. अजूनही आवडतो, हे कबूल करायला अवघडल्यासारखं होतं.

खंडेनवमीला ती फडताळातून बाहेर यायची. पाटावर कोयता, विळा, कुऱ्हाड, पंपाचा पाना, बाबांचं सोलकाम करायचं हत्यार, आणि मधोमध ती. बाबा शिलाई मशीनचं तेल कापसाच्या बोळ्यावर घेऊन नळी आतून पुसत, मग एक डोळा मिटून नळीतून खळ्यातल्या उजेडाकडे बघत. आम्हालाही बघायला देत. आत चांदीची वर्तुळं एकात एक लांब जात, आणि टोकाला आंब्याच्या झाडाचा हिरवा ठिपका. मग हळदकुंकू, आणि नळीत खोचलेलं झेंडूचं फूल. ते फूल बघून वाटायचं, आता हिच्यातून काही निघणार नाही. आई नैवेद्य दाखवायची, पण लांबून. बंदुकीला तिने आयुष्यात हात लावला नाही. फडताळ झाडतानाही तिच्याभोवतीची एक हात जागा सोडून झाडायची, त्यामुळे तिथे कायम धुळीची एक बंदूक उमटलेली असे.

आईला निवडणुका फार प्रिय.

आचारसंहिता लागली की ठाण्यातून निरोप यायचा, आणि बाबा बंदूक गोणपाटात गुंडाळून एसटीने जमा करून यायचे. पावती देवघरात, पंचांगाखाली. त्या दोन महिन्यांत आई वेगळी दिसायची. "रात्री झोप लागते बाई," एवढंच म्हणायची. विधानसभा झाली, लोकसभा झाली, झेडपी झाली, की बंदूक परत, आणि आईचं ते लांबून झाडणंही परत. पुढे बँकेत असताना कुठेतरी वाचलं की देशातल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी विक्रोळीत गोदरेजने लाखोंनी लोखंडी मतपेट्या बनवल्या होत्या. मला पहिली आठवण आईची आली. लोकांची मतं पेटीत कुलूपबंद, आणि आमची बंदूक ठाण्याच्या मालखान्यात कुलूपबंद, आणि आई घरात दारं उघडी टाकून झोपलेली.

बाबा 2018च्या पावसाळ्यात गेले. बंदूक ठाण्यात जमा झाली. वारसाच्या नावाने परवाना मिळतो, पण त्यासाठी बाकीच्या वारसांनी हरकत नाही असं लिहून द्यावं लागतं. म्हणून मी पुण्याहून स्टॅम्पपेपर पाठवला. दादाने ओरोसला, जिल्ह्याच्या कचेरीत, किती फेऱ्या मारल्या याचा हिशेब तो अजून लग्नकार्यात सांगतो. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, डॉक्टरचं प्रमाणपत्र, पोलिसांची चौकशी. 2016च्या शस्त्र नियमांप्रमाणे शस्त्र घरात सुरक्षित ठेवीन असं हमीपत्रही द्यायचं असतं. त्यावर त्याने सही केली, आणि बंदूक घरी आणून त्याच फडताळात, त्याच कुलपात ठेवली, आणि चावी लावली त्याच खिळ्याला. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "सुरक्षितच आसा. इतक्या वर्षांत कोणी चोरल्यान?"

हे वाक्य मी नंतर खूप घोळवलं. आपल्याकडे तिजोरी म्हटली की डोळ्यांसमोर चोर येतो. लोखंडी कपाटाला आपण गोदरेजच म्हणतो, ते कुणीही बनवलेलं असो. त्या गोदरेजच्या आत एक छोटा कप्पा, त्या कप्प्याला वेगळी चावी, आणि ती चावी वरून तिसऱ्या साडीच्या घडीत. ही घडी घरात सगळ्यांना माहीत. नव्या सुनेला ती कुठल्या वर्षी सांगितली जाते यावरून तिचं घरातलं स्थान कळतं. ही सगळी व्यवस्था बाहेरच्यापासून लपवायची आहे. घरातल्यापासून लपवण्यात तिथे अपमान आहे. दागिन्यांना ते चालतं. बंदुकीचं उलट आहे. बाहेरचा चोर आमच्या वाडीत येतो कशाला? बंदुकीला धोका, म्हणजे बंदुकीपासून धोका, तो सात वर्षांच्या ट्रॅक्टर रंगवणाऱ्याला आहे, शिमग्यात जरा जास्त झालेल्या पाहुण्याला आहे, आणि ज्याचं मन त्या दिवशी ठिकाणावर नाही अशा घरच्याच कुणाला आहे. म्हणजे कुलूप लावायचं ते आपल्याच माणसांविरुद्ध. हे तोंडाने बोलणं जड जातं. दादाला मी हे फोनवर सांगायला गेले, तर तो एवढंच म्हणाला, "म्हणजे तुझो आमच्यार विश्वास नाय."

वरच्या वाडीतल्या एका घराबद्दल लिहू की नको, हे अजून ठरत नाही. मी नोकरीला लागले त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. मुलगा बारावीत राहिला होता. घरात बंदूक होती, खुंटीला होती, आणि दुपारी घरात कुणी नव्हतं. एवढंच लिहिते. बाराव्याला गेले तेव्हा त्याची आई भिंतीला टेकून बसली होती आणि येईल त्याला एकच सांगत होती, की संध्याकाळच्या गाडीने त्याचा मामा येणार होता. मामाचं तो ऐकायचा. संध्याकाळपर्यंत थांबला असता तर. तिच्या त्या संध्याकाळचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. आता वाटतं, ती सगळ्यात खरं बोलत होती. अशी वेळ येते आणि जाते, पुष्कळदा काही तासांत जाते. त्या तासांत हाताशी काय आहे, यावर फार काही ठरतं. त्या घरची बंदूक पोलीस घेऊन गेले. खुंटी बरीच वर्षं तशीच होती. पुढे कुणीतरी तिला कंदील लावला.

चौतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली निम्मी तरी स्ट्राँग रूमची चावी पर्समध्ये घेऊन. ज्यांनी ही चावी सांभाळली नाही त्यांना तिचं वजन कळणार नाही. दाराला दोन कुलपं, दोन चाव्या, दोन वेगळी माणसं. एकट्याने आत जाताच येत नाही, मग तो मॅनेजर असो की कोणी. रजेवर जाताना चावी रजिस्टरात सही करून द्यायची, घेणाऱ्याने सही करून घ्यायची. दुसरा जोड सीलबंद होऊन दुसऱ्याच शाखेत. एकदा पेन्शनच्या दिवशी मी चावी घरी विसरले. बाहेर दीडशे म्हातारी माणसं रांगेत, आणि आत मी आणि हेड कॅशियर दाराकडे बघत उभे, त्याची चावी त्याच्या हातात, काही उपयोगाची नाही. नवरा स्कूटरवरून चावी घेऊन आला तेव्हा रांगेतून टाळ्या पडल्या. पण इतक्या वर्षांत एकदाही मला त्या दुसऱ्या चावीचा अपमान वाटला नाही. माझ्यावर विश्वास नाही म्हणून ती आहे, असं वाटलं नाही. कुणाचाही एखादा दिवस वाईट असू शकतो, एवढंच ती व्यवस्था धरून चालते. दादाला हे सांगायला हवं होतं. पण फोनवर मला ते सुचलं नाही, आणि आम्ही दोघंही जरा रागात फोन ठेवला.

तरी मी शोधाला लागले. आधी पुण्यात. दुकानदार मोठ्या उत्साहाने दाखवायचे ते हॉटेलच्या खोलीत असतात तसले आकड्यांचे ठोकळे. त्यात बंदुकीचा दस्तासुद्धा तिरका मावणार नाही. आकड्यांच्या कुलपाबद्दल मला बँकेतला अनुभव पुरेसा आहे; माणसं जन्मसाल ठेवतात, नाहीतर लग्नाची तारीख, आणि सात वर्षांची मुलं हे आकडे आपल्यापेक्षा लवकर ओळखतात. शिवाय त्याला चार पेन्सिल सेल. आमच्याकडे जूनमध्ये भिंतीवर बुरशी चढते, मीठ बरणीत पाणी होतं, तिथे सेल ऑगस्टपर्यंत पांढरे फुटून आत चिकटून बसतात. आणि सेल गेले तर उघडायला एक चावी देतात. म्हणजे आलोच परत खिळ्यापाशी.

मग एकाने बोटाच्या ठशाची तिजोरी दाखवली. मला हसूच आलं. दादाचा अंगठा रेशन दुकानातल्या मशीनला ओळखता येत नाही. पाच वेळा पुसून, कपाळाला घासून, थुंकी लावून झाली की मग कधीतरी लागतो. जन्मभर कुदळ धरलेली, दर उन्हाळ्यात काजूच्या बोंडाचा आणि सालीतल्या तेलाचा चटका खाल्लेली ती बोटं. त्यांच्यावर रेषा अशा उरलेल्याच नाहीत. नातवाची बोटं मात्र मशीनला एका झटक्यात कळतील.

आगीपासून वाचणाऱ्या जड तिजोऱ्याही पाहिल्या. विक्रेता फार छान समजावत होता: दोन पत्र्यांच्या मध्ये जिप्समसारखा मालमसाला भरलेला असतो, त्यात पाणी बांधलेलं असतं, आग लागली की त्याची वाफ होते आणि आतलं तापमान चढू देत नाही. कागदांसाठी उत्तम. मी विचारलं, आणि आग लागली नाही तर? तो गोंधळला. पण माझा प्रश्न सरळ होता. कोकणातला पावसाळा, जाड भिंतींची बंद पेटी, आणि मसाल्यात पाणी. लोखंडाची नळी वर्षभरात आतून तांबूस होणार. बाबांनी बंदूक एका वर्षी कातड्याच्या म्यानात ठेवली होती, नवीन, कोल्हापुराहून आणलेल्या. गणपतीनंतर काढली तर कातड्याला बुरशी आणि नळीवर गंजाचे ठिपके, देवीचे वण असावेत तसे. कातडं ओल धरून ठेवतं. बाबांनी ते म्यान तोडून त्याच्या चपलांच्या वाद्या केल्या.

शेवटी कोल्हापूर. दादा फोंड्याच्या घाटाने आला, मी पुण्याहून. आम्ही शिवाजी उद्यमनगरात एका फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो. बाहेर नांगराचे फाळ, गेटच्या जाळ्या, वेल्डिंगचा निळा प्रकाश आणि त्याचा तो जिभेवर येणारा वास. मालक आमच्या वयाचा. म्हणाला, "ताई, आत काय ठेवायचं ते आधी सांगा, मग पत्र्याचं बोलू." मी दबक्या आवाजात सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "एक नळी का दोन? मोडून ठेवणार का सबंध?" पहिल्यांदाच मला कुणीतरी योग्य प्रश्न विचारला होता. बंदूक सबंध साधारण पंचेचाळीस इंच, पण पुढचं लाकूड काढून नळी वेगळी केली की सगळ्यात लांब तुकडा नळीचा, तीस इंच. वेगळ्या केलेल्या बंदुकीचं एक आहे, ती बंदूक राहात नाही. एक पाइप आणि एक लाकूड. मी लगेच म्हटलं, मोडून. दादा गप्प.

त्याने आम्हाला पत्रे वाजवून दाखवले. घरातल्या कपाटाचा पत्रा बावीस गेजचा, बोटाने टकटक केलं तर डब्यासारखा बोलतो. पहार घालून कुणीही केळीच्या सालीसारखा सोलेल. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे त्याने सांगितलं आणि दादा एकदम म्हणाला, "बाबांच्या बोअरासारखा." आम्ही दोघंही हसलो. तेवढ्यावरून आमचं फोनवरचं भांडण मिटलं, असं मला वाटतं. तीन मिलिमीटरचा पत्रा ठरला, बिजागऱ्या आतून, दार लागलं की तीन बाजूंनी दांडे सरकणारे, सात लिव्हरचं कुलूप. आत काडतुसांसाठी वेगळा कप्पा, त्याला वेगळं कुलूप. रंग राखाडी. बाहेरून कपड्यांच्या कपाटासारखं दिसायला हवं, एवढं मी सांगितलं. मग मी आणखी एक मागितलं: दाराला बाहेरून कडीकोयंडा, स्वतंत्र कुलपासाठी. मालक म्हणाला, "लिव्हर असताना कोयंडा कशाला? दिसायला बरं नाही." मी म्हटलं, दुसऱ्या माणसासाठी. त्याला कळलं की नाही, माहीत नाही. दादाला मात्र कळलं. चहा येईपर्यंत तो नांगराचे फाळ बघत राहिला.

ते बनत असताना मधल्या महिनाभरात मी एक गोष्ट वाचली आणि सगळा उत्साह बसला. श्रीलंकेत शेतकऱ्यांच्या घरी कीटकनाशकं कुलुपात ठेवायला डबे वाटून पाहिले होते. उत्तर-मध्य भागातल्या खेड्यांत, फार मोठा प्रयोग, 180 गावांचा. निष्कर्ष 2017मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आले. ज्या गावांत डबे दिले आणि ज्यांत दिले नाहीत, त्यांच्यात विष घेण्याच्या प्रमाणात फरक पडल्याचं दिसलं नाही. त्याच देशात सगळ्यात जहाल कीटकनाशकांवर बंदी आणली तेव्हा मात्र मृत्यू खूप घटले होते. मी तो लेख दोनदा वाचला. डबा दिला, कुलूप दिलं, आणि चावी? मला आपली सगळ्या लंकेतल्या घरांत कॅलेंडरामागचे खिळे दिसायला लागले. आणि दुसरंही काही दिसलं, ते जास्त त्रासाचं: की खरा उपाय डबा नव्हताच, ती वस्तू घरात नसणं हा होता. आईला हे आकडेवारीशिवाय कळलेलं. मी दादाला विचारलंसुद्धा, ठेवायचीच का रे? देऊन टाकू. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "बाबांचो हात आसा तिका." आणि मग, जरा खाली आवाजात, की यंदा डुकरांनी खालचं शेत अर्धं उलथलं. दोन्ही कारणं खरी होती. कुठलं आधीचं, हे मी विचारलं नाही. तो लाकडी दस्ता जिथे बाबांच्या गालाला टेकायचा तिथे पॉलिश गेलेलं आहे, हे मलाही माहीत आहे.

कपाट मार्चमध्ये टेम्पोतून आलं. चार माणसांनी उचलून मधल्या खोलीत ठेवलं. नुसतं ठेवून भागत नाही. भिंतीला जखडलं नाही तर चार माणसं जशी आणतात तशी नेतातही. बोल्ट मारायला घेतले आणि नवीन नाटक. आमच्या भिंती चिऱ्याच्या. जांभा बघायला दगड, पण ड्रिल लागलं की खरवस. फास्टनर फिरतो, धरत नाही, लाल भुगा गळत राहतो. गवंडी म्हातारा, आमच्या बाबांच्या वेळचा. त्याने भिंतीला कान लावून ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाला, आरपार घाला. म्हणजे भिंतीत आरपार भोक, लांब बोल्ट, आणि पलीकडच्या बाजूला लोखंडी पट्टी लावून नट. पलीकडे देवघर. आता आमच्या देवघराच्या भिंतीवर, गणपती बसतो त्याच्या बरोबर मागे, एक काळी पट्टी आणि चार नट आहेत. वहिनीने त्यांना हळदकुंकू लावलं. मी काही बोलले नाही. तिच्या मनात काय होतं ते तिलाच ठाऊक. आत ओल शोषायच्या पुड्या ठेवल्या, त्या चुलीच्या कडेला जुन्या पत्र्यावर सुकवून परत ठेवायच्या. त्याचं गणित वहिनीला एका मिनिटात कळलं, पापडासारखंच आहे म्हणाली.

मग चाव्या. आतल्या लिव्हरची दादाकडे, खिळ्याला नाही, कमरेच्या करगोट्याला. बाहेरच्या कुलपाची वहिनीकडे. परवाना दादाचा आहे, शस्त्राला हात लावायचा हक्क त्याचाच. वहिनीने फक्त बाहेरचं कुलूप काढून बाजूला व्हायचं. एकट्याने कुणीच उघडायचं नाही. दादा उसळला. "म्हणजे रात्री डुकर इलो की आधी हिका उठवायची, मग हिची चावी, मग माझी चावी, मग काडतुसांची. डुकर काय टोकन घेऊन बसतलो? तो सगळा भात खाऊन ढेकर देऊन जातलो." मी बँकेतल्या दोन चाव्यांचं, पेन्शनच्या रांगेचं, सगळं सांगायला तोंड उघडलं. त्याआधी वहिनी बोलली. ती आतापर्यंत या सगळ्यात एक शब्द बोलली नव्हती, दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"खांव दे," म्हणाली. आणि कुलपाची चावी पदराच्या टोकाला गाठ मारून आत गेली.

ती वरच्या वाडीतली. त्या मुलाची चुलतबहीण. हे मला माहीत होतं, चाळीस वर्षं माहीत होतं, आणि तरीही या सबंध खटाटोपात तिला काय वाटतं ते विचारायचं मला एकदाही सुचलं नव्हतं.

यंदाच्या गणपतीत गेले तेव्हा पहिल्यांदा कॅलेंडर उचलून पाहिलं. खिळा आहे, पेटीची आणि कोठीची चावी आहे. लाल दोरा कुणीतरी काढून समईला बांधलाय. देवघरात मखर असं बसवलंय की नट दिसत नाहीत. दुपारी घर पुन्हा आडवं झालं. दादाचा नातू आता आठ वर्षांचा, या वेळी जेसीबी रंगवत होता. मी त्याच्याशेजारी पाठ टेकली. पिवळा खडू संपत आला होता, तो त्याने नखांनी धरला होता. मी काही विचारलं नव्हतं. तोच माझ्या कानाशी येऊन कुजबुजला, "पुण्याची आजी, आजोबांची चावी कमरेक आसा."

"बरं," मी म्हटलं.

"आजयेची माका गावली नाय." मग खडू कागदावर टेकवत, "अजून."

मागीलदारी भांड्यांचा आवाज क्षणभर थांबला, आणि पुन्हा सुरू झाला.